शाळा सुटल्यानंतरची घटका

हुपरीचे चांदीकाम घराघरांत चालते. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. दिवस शाळेचा झाला. सायंकाळ मात्र घरच्या धंद्याला मोकळी राहिली. २०१६ च्या कायद्यानेही शाळेनंतर घरच्या, घातक नसलेल्या धंद्यात मदतीची मुभा ठेवलीच. सायंकाळ मुलांना परत देण्याचे काम १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी खेळ-गाण्यांतून केले. त्याच्या शंभर वर्षे आधी तुरीनमध्ये संत जॉन बॉस्को यांनी कष्टकरी पोरांना असेच जवळ केले होते. हाताला कसब हवेच. पण बारा वर्षांच्या मुलाला सवंगडीही हवेत. मग आमच्या धर्मग्रामांची सभागृहे सायंकाळी कुलूपबंद का असावीत, असे आम्हांस वाटते.