कळफलकाचं गिऱ्हाईक नेमकं कोण?

वरवे बुद्रुकहून सातारा रस्त्याला लागलं, कापूरहोळ, किकवी मागे टाकून सारोळ्यापाशी नीरा ओलांडली, की शिरवळ येतं. या शिरवळात गोदरेजचे टाइपरायटर बनत. 2009 साली ते काम थांबलं आणि त्या जागी फ्रिज बनू लागले. दोन वर्षांनी, एप्रिल 2011 मध्ये, ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशी बातमी जगभर फिरली. ती तंतोतंत खरी नव्हती. ब्रदर कंपनीचा वेल्समधला कारखाना 2012 पर्यंत टाइपरायटर काढत होता. तरी बातमीचा रोख बरोबर होता.

आजचा विषय ब्लॅकबेरी फोनचा. पण त्या कॅनडातल्या कंपनीचं काय चुकलं हे समजायला आम्हाला शिरवळचाच रस्ता जवळचा वाटतो.

गोदरेजने टाइपरायटर केला 1955 साली. तोवर आपल्या कचेऱ्यांत रेमिंग्टनसारखी परदेशी नावं होती, म्हणून या देशी यंत्राचं अप्रूप मोठं. पुढे संगणक आला, एकेक कंपनी या धंद्यातून बाहेर पडली, पण गोदरेजकडे 2009 पर्यंत वर्षाला दहा-बारा हजार यंत्रं बनतच होती. घेत कोण होतं? कोर्ट, सरकारी कचेऱ्या, संरक्षण खातं. आता हे गिऱ्हाईक निष्ठावान म्हणायचं का? आम्ही म्हणतो, जरा थांबा. यात दोन माणसं आहेत. एक, ज्याची बोटं कळांवर बसलेली आहेत तो टंकलेखक. दुसरा, जो खरेदीच्या कागदावर सही करतो तो साहेब. बोटांची निष्ठा पक्की असते, कारण ती महिनोन्‌महिने घोटून घोटून आलेली असते. सहीची निष्ठा पुढचं परिपत्रक येईपर्यंत.

हे डोक्यात ठेवून ब्लॅकबेरीकडे बघा. छोट्या कळांवर दोन अंगठ्यांनी भराभर ईमेल लिहायचा हा फोन. तो मोठा झाला कंपन्यांच्या आणि सरकारांच्या जोरावर. साहेबाच्या हातात फोन दिसे, पण तो पुष्कळदा ऑफिसने दिलेला असे. 2007 साली आयफोन आला, नुसती काच. ब्लॅकबेरीने 2008 मध्ये ‘स्टॉर्म’ काढला. त्याची गंमत अशी, की बोटाने दाबलं की सबंध काचच कळीसारखी खाली दबायची! नव्याला काच द्यायची आणि जुन्याला कळ दाबल्याचं समाधानही द्यायचं. दोघंही नाराज झाले.

मग 30 जानेवारी 2013 ला कंपनीने एकाच दिवशी दोन फोन जाहीर केले. ‘झेड 10’ सगळा काचेचा, ‘क्यू 10’ कळांचा. बाजारात आधी आला काचेचा. जुनी माणसं कळांच्या फोनची वाट पाहत बसली आणि नवी माणसं ज्या दुकानात काच घ्यायला गेली तिथे आयफोन आणि सॅमसंग आधीच मांडलेले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात, मुख्यतः न खपलेल्या झेड 10 पायी, 90 कोटी डॉलरहून अधिक रक्कम तोट्यात टाकावी लागली. 2014 च्या डिसेंबरात ‘क्लासिक’ नावाने जुन्या कळा परत आणल्या. 2016 मध्ये स्वतः फोन बनवणंच सोडलं.

यावर नेहमीची टीका अशी, की कंपनी जुन्या लोकांत अडकली. आम्हाला ते अर्धवट वाटतं. कळांवर प्रेम करणारी बोटं शेवटपर्यंत होती. दरम्यान ऑफिसांनी नोकरांना स्वतःचा फोन कामाला वापरू दिला, आणि सही करणारा खुर्चीतून उठून गेला. कंपनी मात्र बोटांचीच समजूत घालत राहिली.

बरं, कंपनी बुडते तेव्हा भागधारकांचे पैसे जातात. त्याचा हिशोब छापून येतो. बोटांचा हिशोब कोण ठेवतो? आपल्याकडे लिपिकाच्या नोकरीला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द दर मिनिटाला, असं प्रमाणपत्र लागतं. तालुक्याच्या गावी, एखाद्या दुकानाच्या माडीवर टंकलेखन संस्था. दहावी-बारावी झालेली, शेतीत भागत नाही अशा घरची मुलंमुली तिथे तासाची फी भरून बोटं घोटत. परीक्षा परिषदेने संगणकावरची परीक्षा आणली आणि 2017 साली यंत्रावरची परीक्षा संपली. संस्थावाल्याची यंत्रं एका झटक्यात भंगाराच्या भावाची झाली. गोदरेजला फ्रिजकडे वळता आलं. माडीवरच्या माणसाला वळायचं तर आधी संगणक घ्यायला कर्ज काढायचं. निर्णय चुकीचा होता असं आम्ही म्हणत नाही. संगणक हवाच होता. पण बदलाचा खर्च त्यात काहीच विचारलं न गेलेल्यावर पडला, हे तत्त्वज्ञानाच्या माणसाला खटकतं.

एक गंमत मात्र उरली आहे. यंत्राचा गाडा फक्त पुढे सरके, म्हणून मराठी टाइपरायटरवर ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी मारायची आणि ‘क’ मागून. संगणकाला ही अडचण नाही. तरी त्यावर आजही ‘रेमिंग्टन मराठी’ हा कळफलक निवडता येतो, आणि त्यात वेलांटी आधीच मारायची असते. टाइपरायटर कधी पाहिलाही नाही अशी मुलगी तो शिकते, तेव्हा तिची बोटं त्या लोखंडी गाड्याच्या सोयीनेच चालतात.