किमान ते कमाल: शाळेच्या ताटाचा प्रवास

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं: किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं. चिंता उपाशी पोटाची होती, म्हणून आकडा ‘किमान’ होता.

२०२० मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नियम केला: शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. आता चिंता लठ्ठपणाचीही. पण ५१व्या मीटरवरच्या दुकानाचं काय?

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्येच प्रत्येक शाळेला मैदान सांगितलं. मात्र खेळाच्या तासाला गणित शिकवलं, तर मैदान असून नसल्यासारखं. भूक आणि लठ्ठपणा आज एकाच बाकावर बसतात. ताट आणि मैदान दोघांनाही हवं.