मोन्तेवेर्दे : एका हिरव्या डोंगराची हकिगत

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यातील काही मुले विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीबरोबर कोस्टा रिकाच्या डोंगरांत जातात. "एवढे पैसे भरून जंगलात काय पाहायचे? त्यापेक्षा आजीकडे पाठवू," असे आम्ही पालक म्हणतो. आजीकडे तर पाठवायचेच. पण मोन्तेवेर्देचा इतिहासही आपण स्थलांतरितांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

१९४९ साली अमेरिकेत अलाबामा राज्यातील फेअरहोप गावच्या चार तरुणांना तुरुंगवास झाला. ते क्वेकर पंथाचे. शस्त्र हाती धरायचे नाही ही त्यांची श्रद्धा, म्हणून त्यांनी सक्तीच्या लष्करभरतीसाठी नाव नोंदवले नव्हते. इकडे कोस्टा रिकाने डिसेंबर १९४८ मध्ये आपले सैन्यच बरखास्त केले होते. तेव्हा काही क्वेकर कुटुंबांनी घरदार आवरले आणि १९५१ मध्ये तिलारान डोंगररांगेत सुमारे १४०० मीटर उंचीवर जमीन घेतली. नाव ठेवले मोन्तेवेर्दे, म्हणजे हिरवा डोंगर.

त्यांनीही झाडे तोडून कुरणे केली, गाई पाळल्या, चीजचा कारखाना काढला. पण नदीच्या उगमाकडचे वरचे रान मात्र ठरवून राखले. आपल्या सह्याद्रीतल्या देवराया आठवाव्यात. देवाच्या नावाने राखलेल्या रानात पुष्कळदा गावाचा झरा असतो. श्रद्धा वेगळी, हिशेब तोच : वरचे रान गेले की खालचे पाणी गेले.

समुद्रावरून येणारे वारे या डोंगराला अडतात आणि रान ढगांत बुडून राहते. झाडांच्या फांद्याफांद्यांवर शेवाळ, नेचे आणि ऑर्किड वाढतात. १९७२ साली येथे राखीव अरण्य झाले. १९८७ मध्ये स्वीडनमधील एका छोट्या शाळेतील मुलांनी हे जंगल विकत घेऊन वाचवण्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली. पुढे अनेक देशांतील मुलांनी हातभार लावला आणि 'मुलांचे शाश्वत अरण्य' उभे राहिले. आज ते २२,००० हेक्टरहून मोठे आहे.

तरीही सगळे वाचले नाही. येथला सोनेरी भेक जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. १९८७ मध्ये तो शेकड्यांनी दिसला, १९८९ मध्ये एकच दिसला, त्यानंतर कधीच नाही. बेडकांना होणारा बुरशीचा रोग आणि बदललेले हवामान ही कारणे शास्त्रज्ञ सांगतात. कुंपण घातले, पाटी लावली, म्हणजे रान राखले असे होत नाही.

क्वेकर येण्याआधीपासून तेथे कोस्टा रिकन शेतकरी राहत होते. मुलांनी त्यांच्या घरीही बसावे, त्यांचेही ऐकावे. आपणही परमुलखात येऊन घर केलेली माणसे आहोत. मुले परतल्यावर फोटो पाहण्याआधी त्यांना विचारू या : तिथल्या गावाचे पाणी कोठून येते? आणि आपल्या नळाचे?