शिपिंग (कथेतील जोड्यांचे)

कथा, नाटक वा मालिकेतल्या दोन पात्रांचे प्रेम जुळावे, असा चाहत्यांनी धरलेला हट्ट. ‘आम्ही या दोघांना शिप करतो’ असे तरुण प्रेक्षक म्हणतात. दोन नावांचे एक नाव करतात, आवडते प्रसंग गाण्यावर बसवून रील बनवतात. लेखकाने जोडी फोडली तरी ते ती सोडत नाहीत.

नुसती जोडी दिसून हे होत नाही. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नाचणारी स्त्री-पुरुषांची युगुले कोरली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते काम देखणे आहे, पण त्या युगुलांना नाव नाही, गोष्ट नाही. हट्ट धरायला स्वभाव कळावे लागतात, आड येणारे कोणी लागते आणि वाट पाहावी लागते.

बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाची हकीकत यात सर्वांत बोलकी. १९१४ च्या लंडनमधील प्रयोगांत नायक हिगिन्स झालेल्या बीरबोम ट्री यांनी अखेरीस नायिका एलायझाकडे फुले टाकून दोघांचे जुळणार असे सुचवले. शॉ भडकले, १९१६ मध्ये नाटकाला गद्य पुरवणी जोडून त्यांनी एलायझाचे लग्न नाटकातल्याच दुसऱ्या तरुणाशी, फ्रेडीशी लावून टाकले. तरीही लोकांच्या मनातली जोडी हिगिन्स-एलायझाचीच राहिली. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ (१९७५) लिहिले.

मराठीत या हट्टाला खरे बळ दिले ते दैनंदिन मालिकांनी. भाग प्रक्षेपणाच्या थोडेच आधी चित्रित होत असल्याने प्रेक्षकांचा कल आणि टीआरपी लेखकापर्यंत वेळेत पोहोचतात. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३–१६) मधल्या श्री-जान्हवीची ताटातूट घरोघरी चर्चेत होती. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये (२०१६–२१) मात्र प्रश्न अधिक अवघड होता: नवऱ्याने फसवलेल्या राधिकाने पुन्हा त्याच्याकडे जावे का? मालिकेने तिचे लग्न तिच्या मित्राशी, सौमित्रशी लावले. घटस्फोटित, मुलाच्या आईचे दुसरे लग्न व्हावे असे रोज रात्री जेवणाच्या ताटावर बसून म्हणणे, हे या चाहतेपणाचे सर्वांत मोलाचे रूप होय.

कधी पात्रांची जोडी पडद्याबाहेरही जुळते. ‘तुझ्यात जीव रंगला’मधील राणा आणि अंजली, म्हणजे हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर, यांनी डिसेंबर २०२२ मध्ये पुण्यात लग्न केले.