प्रोग्रेसिव्ह रॉक संगीतातील स्त्रिया : आवाज, निर्मिती आणि श्रेय

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात प्रोग्रेसिव्ह रॉक हा एक महत्त्वाचा प्रवाह होय. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये त्याचा उदय झाला. तीन-चार मिनिटांच्या गीताची चौकट ओलांडणाऱ्या दीर्घ रचना, अभिजात संगीत व जॅझ यांतील घटकांचा स्वीकार आणि मेलोट्रॉन, सिंथेसायझर यांसारख्या वाद्यांचा वापर ही त्याची ठळक वैशिष्ट्ये आहेत. या प्रवाहाचा इतिहास बहुतांशी पुरुष वादकांच्या नावांभोवती लिहिला गेला आहे. स्त्रियांनी त्यात केलेले काम मोठे असूनही त्याची नोंद 'गायन' या एकाच रकान्यात झाली आणि निर्मितीचे श्रेय अन्यत्र गेले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. जात्यावरच्या ओवीचा आणि तुळजापूरच्या आराधी गीतांचा वारसा लाभलेल्या धाराशिव जिल्ह्यातील अभ्यासकांनाही हा प्रश्न जवळचा आहे.

प्रवाहातील स्त्रियांचे स्थान :

किंग क्रिमसन हा या प्रवाहातील अग्रगण्य वाद्यवृंद. त्याची 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' ही ध्वनिमुद्रिका १९६९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील 'आय टॉक टू द विंड' हे गीत त्यापूर्वी १९६८ मध्ये ज्युडी डायबल हिच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले होते. ते मुद्रण श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते मात्र १९७६ च्या एका संकलनातून. रेनेसान्स या वाद्यवृंदात प्रथम जेन रेल्फ आणि १९७१ पासून ॲनी हॅस्लम या गायिका होत्या. त्याच वाद्यवृंदाची अनेक गीते बेटी थॅचर या कवयित्रीने लिहिली. ती रंगमंचावर कधी नसे. शब्द टपालाने पाठवी. कर्व्हड एअरची सोन्जा क्रिस्टिना ही गायिका तसेच गीतलेखिकाही होती.

वादनाच्या क्षेत्रात लिंडसे कूपर हिचे उदाहरण लक्षणीय आहे. बसून आणि ओबो ही अभिजात वाद्ये घेऊन ती १९७४ मध्ये हेन्री काऊ या वाद्यवृंदात आली आणि पुढे रचनाकार म्हणूनही पुढे आली. १९७९ च्या 'वेस्टर्न कल्चर' या ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूवरील रचना मुख्यतः तिच्या आहेत. १९७७ मध्ये तिने मॅगी निकोल्स हिच्यासह फेमिनिस्ट इम्प्रोव्हायझिंग ग्रुप स्थापन केला. जिने स्वतः वाद्य वाजविले आणि रचना कागदावर उतरविली, तिला श्रेय मिळाले. केवळ कंठातून निर्मिती करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला काय आले, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होते.

क्लेअर टॉरी प्रकरण :

पिंक फ्लॉइड यांच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) या ध्वनिमुद्रिकेत 'द ग्रेट गिग इन द स्काय' ही शब्दविरहित गायनाची रचना आहे. २१ जानेवारी १९७३ रोजी, रविवारी, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत क्लेअर टॉरी हिने ती गायिली. तिच्यासमोर स्वरलिपी नव्हती. रिचर्ड राइट यांच्या पियानोवरील स्वरावलीवर तिने आयत्या वेळी गायन उभे केले. मोबदला ३० पौंड मिळाला. ध्वनिमुद्रिकेवर तिचे नाव गायिका म्हणून छापले गेले, रचनाकार म्हणून केवळ राइट यांचे. २००४ मध्ये तिने न्यायालयात दाद मागितली. २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर रचनेच्या श्रेयात तिचाही समावेश होऊ लागला. आपल्याकडे ख्यालगायनात बंदिश दोन-चार ओळींचीच असते. तिचा विस्तार हीच गायकाची निर्मिती मानली जाते. त्या कसोटीवर टॉरीचा दावा सहज समजण्यासारखा आहे. तो मान्य होण्यास मात्र बत्तीस वर्षे लागली.

मुंबईच्या आशा पुथली :

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाच्या सर्वाधिक जवळ येणारे उदाहरण आशा पुथली यांचे आहे. त्यांचा जन्म १९४५ मध्ये मुंबईत झाला. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताबरोबर पाश्चात्त्य ऑपेराचेही शिक्षण त्यांनी घेतले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस द सर्फर्स या भारतीय वाद्यवृंदाबरोबर त्यांनी पाश्चात्त्य गीते ध्वनिमुद्रित केली आणि पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या. वेद मेहता यांच्या १९७० च्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या ग्रंथात त्यांचे वर्णन आले आहे. १९७१ मध्ये ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांनी दोन गीते गायिली. ही ध्वनिमुद्रिका रॉकची नसून मुक्त जॅझची आहे. तथापि रूढ चौकटी मोडण्याची त्या काळाची प्रेरणा दोन्ही प्रवाहांत समान होती. त्या गीतांचे रचनाकार कोलमन. शास्त्रीय तालमीतून आलेली पुथली यांची स्वरलगावाची रीत 'गायन' याच रकान्यात राहिली. १९७६ च्या 'द डेव्हिल इज लूज' या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेतील 'स्पेस टॉक' या गीताचे अंश १९९० च्या दशकात अमेरिकेतील हिप-हॉप कलावंतांनी वापरले. नव्या पिढीच्या श्रोत्यांपर्यंत त्यांचा आवाज नावाआधी पोहोचला.

कायदा आणि मौखिक परंपरा :

श्रेयाचा हा प्रश्न लेखनाशी बांधलेला आहे. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील मूळ व्याख्येत संगीतकृती म्हणजे मुद्रित अथवा लिखित स्वरूपात आलेली स्वररचना असे गृहीत होते. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली. रचना स्वरलिपीत नोंदविली असो वा नसो, ती करणारी व्यक्ती संगीतकार ठरते, असे कायद्याने मान्य केले. कलावंताचे सादरीकरणावरील हक्कही त्याच दुरुस्तीने आले. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताची ओळख जाहीर होण्याचा नैतिक हक्क जोडला.

मराठी मुलखात याच विचाराला धरून एक मोठे काम झाले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गावोगाव जाऊन संकलित केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून 'परी' या ग्रामीण पत्रकारितेच्या व्यासपीठावर क्रमशः प्रसिद्ध होत आला. त्यात ओवीसोबत गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव नोंदविलेले असते. ओवी परंपरेची असते हे खरे. परंतु कोणती ओवी निवडायची, त्यात कोणाचे नाव गुंफायचे, नवी ओळ कोठे घालायची, हे गाणारीच ठरविते. टॉरीला जे न्यायालयात जाऊन मिळवावे लागले, ते येथे संकलकांच्या नोंदवहीने दिले.

निष्कर्ष :

१. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या जडणघडणीत स्त्रियांचा सहभाग गायन, काव्यलेखन, वादन आणि रचना या चारही अंगांनी होता.
२. लिखित रचनेला निर्मिती आणि उत्स्फूर्त गायनाला केवळ सादरीकरण मानण्याच्या प्रथेमुळे गायिकांचे श्रेय घटले.
३. हीच प्रथा लोकसंगीताच्या संकलनातही शिरण्याचा धोका आहे. विद्यार्थी प्रकल्पासाठी एखाद्या आराधिणीचे गाणे भ्रमणध्वनीवर मुद्रित करतात, तेव्हा मुद्रणाखाली केवळ 'पारंपरिक' असे लिहिणे पुरेसे नाही. गाणारीची संमती घेऊन तिचे नाव, गाव आणि तारीख नोंदविणे हे महाविद्यालयीन संकलनाचे पहिले कर्तव्य ठरते. ती नोंद आज झाली नाही, तर उद्याच्या इतिहासकाराच्या हाती आवाज तेवढा येईल. तो कोणाचा, हे सांगणारे कोणी उरणार नाही.