हार्ट फेल्युअर आणि व्यायामोपचार : खाटेपासून घरापर्यंत

हृदय दुर्बल झालेल्या रुग्णास पूर्ण विश्रांती हाच उपचार दीर्घकाळ मानला जात असे. १९५२ मध्ये लेव्हिन व लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णास खुर्चीत बसवून या समजुतीस धक्का दिला. हार्ट फेल्युअरच्या २३३१ रुग्णांवरील 'एचएफ-ॲक्शन' अभ्यासाने (२००९) व्यायाम सुरक्षित असल्याचे दाखविले. त्यात देखरेखीखालील ३६ सत्रांनंतरचा व्यायाम घरीच होता. खानदेशाच्या दृष्टीने हाच भाग महत्त्वाचा ठरतो. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. तथापि चोपडा वा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या रुग्णास आठवड्यातून तीनदा शहर गाठणे कठीणच. म्हणून प्रथम रुग्णालयात तपासणी, नंतर घरी बेताने चालणे व दूरध्वनीवरून देखरेख, हा क्रम स्वीकारावयास हवा. अन्यथा विश्रांतीचा जुना सल्ला येथे केवळ अंतरामुळे टिकून राहील.