ताडकुळातील वृक्षांचे खोड

ताडकुळातील वृक्षांचे खोड हे एकदल वनस्पतींच्या खोडाचे उंच व टणक रूप आहे. महाराष्ट्रात आढळणारे माड, पोफळ, ताड, शिंदी आणि भेरली माड हे वृक्ष या कुळात (ॲरेकेसी) मोडतात. साग किंवा आंब्याप्रमाणे या खोडात ऊतककर (कँबियम) नसतो. त्यामुळे त्यात वाढवलये नसतात व खोडाची ताकद तंतूंच्या मांडणीवर अवलंबून राहते.

अंतर्रचना

खोडाच्या आडव्या छेदात मृदूतकात विखुरलेले असंख्य वाहक वृंद दिसतात. प्रत्येक वृंदात आतल्या बाजूस पाणी वाहून नेणारे प्रकाष्ठ व बाहेरच्या बाजूस अन्नरस वाहून नेणारे परिकाष्ठ असते. परिकाष्ठावर जाड भित्तीच्या तंतूंची टोपी असते. परिघाजवळ वृंद दाट, तर मध्यभागी विरळ असतात. तंतूंलगतच्या पेशींत सिलिकेचे कण असल्याने करवतीची धार लवकर बोथट होते.

वृंद खोडात हळूहळू मध्याकडे सरकतो व नंतर झपाट्याने बाहेर वळून पानात शिरतो. त्याची एक शाखा मात्र खोडातून वर जात राहते. मार्टिन झिमरमन व पी. बॅरी टॉमलिन्सन यांनी १९६५ मध्ये ऱ्हॅपिस या लहान पामच्या अभ्यासातून हा मार्ग उलगडला.

वाढ व तंतूंचे गुणधर्म

शेंड्याखाली खोडाची जाडी आधी ठरते, उंची नंतर वाढते. तंतूंच्या भित्ती वयानुसार जाड होत जातात. म्हणून बुंध्याचा बाहेरील भाग सर्वांत कठीण असतो. जुन्या माडात त्याची घनता दर घनमीटरला ६०० किलोग्रॅमहून अधिक, तर गाभ्याची ४०० किलोग्रॅमहून कमी असू शकते. त्यामुळे वासे व खांब बाहेरील भागातून काढतात. काथ्या मात्र खोडापासून नव्हे, नारळाच्या सोडणापासून मिळतो.

ऊतककर नसल्याने खोडावरील जखम नव्या लाकडाने भरून येत नाही. रसासाठी शिंदीला घेतलेल्या खाचा जन्मभर दिसतात. माड, ताड यांसारख्या एकखोडी वृक्षांत शेंड्याचा कोंब गेंडा भुंग्याने वा विजेने नष्ट झाल्यास वृक्ष मरतो.

जीवाश्म

नागपूरच्या टाकळी भागातून स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. दख्खनच्या लाव्हाथरांमधील अशा गाळाच्या खडकांत ताडकुळातील अश्मीभूत खोडेही सापडतात. हे खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातील आहेत. अशा खोडांना ‘पामॉक्सिलॉन’ म्हणतात. पाने-फळे सोबत नसतानाही वृंदांची दाटी, तंतुटोपीचा आकार व मृदूतकाची ठेवण यांवरून त्यांचे प्रकार ओळखले जातात. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी भारतातील अशा खोडांचा अभ्यास केला.